क्रेप बँडेज नीट कसं बांधायचं: आधी काम ठरवा, मग रोल उघडा

पाय मुरगळला की कपाटातून तो मातकट रंगाचा क्रेप बँडेजचा रोल निघतो, जिथे दुखतंय तिथे गोल गोल गुंडाळला जातो, वर क्लिप लागते आणि सगळे मोकळे होतात. मग तासाभरात एकतर पट्टी सैल होऊन खाली उतरते, नाहीतर बोटं थंड पडून ठणका लागतो आणि पेशंट म्हणतो की बँडेजने उलट जास्तच दुखायला लागलं. हे दोन्ही टाळता येतं आणि त्यासाठी नर्सिंगचा कोर्स करायची गरज नाही, फक्त ही पट्टी नेमकं काय करते ते एकदा नीट कळलं पाहिजे.

पट्टी म्हणजे औषध नाही. तिच्याकडे मोजून चार कामं आहेत: काहीतरी जागच्या जागी धरून ठेवणं (जखमेवरचं गॉज, म्हणजे जाळीदार सुती कापड), दाब देणं (सूज किंवा रक्तस्राव आवरायला), सांध्याला आधार देणं, आणि एखादा भाग हलूच न देणं (मोडलेल्या हाडाला फळी बांधणं). या चारही कामांना पट्टी तीच चालेल पण ताण वेगळा लागतो, म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रोल हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, आत्ता मला यातलं कुठलं काम करायचंय? गॉज धरून ठेवायला कुणी घोट्यासारखी आवळून पट्टी बांधतं आणि सुजलेल्या घोट्याला कुणी गॉज धरल्यासारखी सैल बांधतं, गडबड नेमकी इथेच होते.

हा विचार काही नवीन नाही. सुश्रुतसंहितेत बांधायच्या पट्ट्यांचे 14 प्रकार दिलेत, सांध्यासाठीचा स्वस्तिक बंध त्यातलाच, म्हणजे आज आपण इंग्रजी आठच्या (8) आकड्यात बांधतो तोच फुलीचा प्रकार. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते तिथे घट्टपणाचे तीन दर्जे केलेत ते: गाढ, सम आणि शिथिल. मांडीसारख्या मांसल भागाला गाढ, हातापायांना सम, डोळ्यांना आणि सांध्यांना शिथिल. आज मुरगळलेल्या सांध्याला आपण बेताचा दाब देतो, तेव्हा ती यादी जशीच्या तशी उचलायची नाही, पण 'सगळीकडे एकच ताण' ही चूक त्या काळीही ओळखली होती हे लक्षात घ्या.

आता रोल कुठला घ्यायचा. साधं गॉजचं रोलर बँडेज ताणलंच जात नाही, ते फक्त धरून ठेवण्यासाठी. क्रेप म्हणजे जास्त पीळ दिलेल्या सुती धाग्याचं, थोडं ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं, घरच्या वापराला हेच बरं. ज्यात रबर किंवा स्पँडेक्स असतं ते इलॅस्टिक बँडेज जोरात आवळतं, आणि त्वचेला न चिकटता स्वतःलाच चिकटतं ते कोहेसिव्ह बँडेज, खेळाडूंच्या हातापायाला दिसतं ते रंगीत. कोहेसिव्हमध्ये बऱ्याचदा लॅटेक्स असतं, त्यामुळे रबरी ग्लोव्हज किंवा फुग्याने ज्यांना खाज सुटते त्यांनी पाकिटावर बघूनच घ्यावं.

यात एक फरक फार कमी लोकांना माहीत असतो. जी पट्टी खेचल्यावर दुपटीच्या आतच थांबते ती शॉर्ट स्ट्रेच, जी दुपटीच्या पुढे जाते ती लाँग स्ट्रेच. शॉर्ट स्ट्रेच पट्टी तुम्ही चालता तेव्हा स्नायूला अडवते आणि दाब वाढतो, पण तुम्ही पडून राहिलात की दाब उतरतो. लाँग स्ट्रेचवाली पडून असतानाही आवळतच राहते, म्हणून ती रात्री झोपताना काढायचीच, यात वादाला जागा नाही.

रुंदी बघून घ्या: बोटाला 2.5 सेंमी, मनगटाला 5 ते 7.5, घोट्याला 7.5 ते 10, गुडघ्याला 10 ते 15 आणि मांडीला 15. अरुंद पट्टी रुंद भागावर बांधली की ती दोरीसारखी रुतते. कारण सोपं आहे, ताण जितका जास्त आणि वेढे जितके जास्त तितका दाब जास्त, आणि पट्टी जितकी रुंद व अवयव जितका जाड तितका दाब कमी. म्हणजे तोच हात, तोच जोर, पण मनगटावर दाब जास्त पडणार आणि मांडीवर कमी. पायाच्या बाबतीत हे आपल्या फायद्याचं आहे बरं का, घोट्याच्या वरचा भाग बारीक आणि पोटरी जाड, त्यामुळे एकसारख्या ताणाने खालून वर गेलात तरी दाब आपोआप खाली जास्त आणि वर कमी पडतो, आणि सूज वर सरकायला हेच हवं असतं. उलट कुणी वरून खाली बांधत आला किंवा पोटरीपाशी येऊन जोरात आवळलं तर सगळं पाणी पावलात कोंडतं.

घोटा बांधायची पद्धत

सगळ्यात जास्त वेळा लागतं ते हेच, म्हणून इथे सावकाश सांगतो.

पेशंटला बसवा, पाय लांब करून पोटरीखाली उशी द्या आणि टाच हवेत राहू द्या. पाऊल नडगीशी काटकोनात पाहिजे, बोटं छताकडे. बहुतेक जण पाऊल सैल खाली पडलेलं असतानाच बांधतात आणि मग उभं राहिल्यावर पुढच्या बाजूला चुण्या पडून तिथेच पट्टी रुतते. बांधत असताना पाऊल परत परत खाली येतं, पेशंटला सांगत राहा की बोटं स्वतःकडे ओढून धर.

त्वचा कोरडी हवी, तेल किंवा बाम लावलेला नको, नाहीतर पट्टी सरकते. घोट्याच्या बाहेरच्या हाडाभोवती आणि मागे जी खोलगट जागा असते तिथे सूज साठते आणि पट्टी मात्र हाडावरच टेकते, म्हणून कापसाची किंवा फेल्टची इंग्रजी यूच्या आकाराची गादी करून हाडाच्या खालून दोन्ही बाजूंना बसवा. एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो, कारण मग दाब खळग्यातही पोचतो.

रोल धरताना गुंडाळलेला गठ्ठा वरच्या बाजूला, म्हणजे बाहेर दिसेल असा ठेवा, मग तो त्वचेवरूनच लोळत लोळत उघडत जातो. एका वेळी वीतभरच सोडायचा. सगळा रोल उघडून हातात लांब पट्टी घेऊन बांधत बसलात तर ताण कधीच एकसारखा येत नाही.

बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, बोटं मात्र उघडी ठेवा, ती आपली तपासणीची खिडकी आहे. पहिले दोन वेढे जागच्या जागी, ते पाया धरतात. आता दिशा महत्त्वाची: बहुतेक वेळा पाऊल आत वळून बाहेरचा घोटा मुरगळलेला असतो, अशा वेळी पट्टी पावलाच्या वरून आतल्या बाजूला न्या, तळव्याखालून बाहेर काढा आणि बाहेरच्या बाजूने वर ओढा. म्हणजे प्रत्येक वेढा पावलाची बाहेरची कड वर उचलून धरतो आणि दुखऱ्या लिगामेंटवरचा, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावरचा ताण कमी होतो. उलट्या दिशेने बांधलंत तर पट्टीच पाऊल आत ओढत राहील.

मग आठचा आकडा. पावलावरून तिरकं वर घोट्यापुढून, टाचेच्या वरून मागून फेरी, परत पुढून तिरकं खाली, तळव्याखालून, परत वर. दर वेळी आधीचा वेढा निम्मा झाकला गेला पाहिजे, ना जास्त ना कमी. तीन चार आकडे झाले की टाचही झाकली जाते, आणि ती झाकायचीच, कारण मध्ये उघडी फट राहिली की सूज नेमकी त्या फटीतून फुगते. घोट्याच्या वर वीतभर जाऊन संपवा.

ताण किती? पट्टी जेवढी जास्तीत जास्त ताणली जाते त्याच्या साधारण निम्मा. काही कंपन्यांच्या पट्ट्यांवर छोटे आयत छापलेले असतात, बरोबर ताणलं की त्यांचे चौकोन होतात, नवशिक्याने जरूर अशी घ्यावी कारण डोळ्याने बघून ताण कळतो. शेवट चिकटपट्टीच्या एका तुकड्याने करा. क्लिप टोचते, सुटून अंथरुणात पडते आणि लहान मूल तोंडात घालू शकतं. आणि चिकटपट्टी पायाभोवती पूर्ण गोल फिरवू नका, ती ताणत नाही, सूज वाढली की तीच फास होते.

बांधून झाल्यावर उठू नका. नख पाच सेकंद दाबून सोडा, पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवं. गडद नेलपेंट असेल तर आधी पुसा. दुसऱ्या पायाच्या बोटांशी तुलना करा, तेवढीच ऊब आहे का, स्पर्श तेवढाच कळतोय का, मुंग्या येतायत का. दहा मिनिटांनी हेच परत, तासाभराने परत. हे मी ठासून सांगतो कारण मुरगळल्यानंतरचे पहिले दोन तीन दिवस सूज वाढत असते, सकाळी बरोबर वाटलेली पट्टी दुपारी घट्ट झालेली असते आणि त्यात बांधणाऱ्याची काही चूक नसते. बोटं निळसर, थंड किंवा बधिर झाली, किंवा आधीपेक्षा जास्त ठणका लागला, तर 'थोडा वेळ बघू' म्हणू नका, पूर्ण सोडा, पाय उंच ठेवा आणि नीट झाल्यावर परत सैल बांधा. सोडूनही रंग परत येत नसेल तर सरळ हॉस्पिटल.

किती दिवस बांधायची, तर साधी लचक असेल तर पहिले दोन तीन दिवस. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच हे चार शब्दांचं सूत्र 1978 साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं आणि जगभर पाठ झालं, पण पुढे त्यांनी स्वतःच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं मत बदललं. आता भर लवकर हालचाल सुरू करण्यावर असतो. म्हणून महिनाभर पट्टी बांधून फिरू नका, घोट्याला तिची सवय लागते आणि त्याचा स्वतःचा तोल कच्चा राहतो.

एक्स रे लागेल का हे ठरवायला डॉक्टर कॅनडातल्या ओटावा शहराच्या नावाने ओळखले जाणारे 1992 चे नियम वापरतात. त्यातलं घरी कळण्यासारखं एवढं की लागल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड खालच्या टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत दाबल्यावर दुखत असेल, तर पट्टी बांधून घरी बसू नका. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मधोमध जे हाड वर आलेलं लागतं, ते दाबल्यावर दुखलं तरीही तेच.

बाकीचे भाग

मनगटाला हाताच्या पंजापासून सुरू करा, अंगठा मोकळा, बोटं किंचित पसरलेली, मनगट जरासं मागे झुकलेलं, मग अंगठा आणि तर्जनीच्या मधून फिरवत वर. मूठ वळून बघायला सांगा, वळता आली पाहिजे. गुडघा थोडा वाकवूनच बांधा, पूर्ण सरळ ठेवून बांधलात तर बसताना मागे खोबणीत पट्टी गोळा होते आणि तिथूनच मोठ्या रक्तवाहिन्या जातात. कोपराचं तसंच, वाकवून. बोट दुखावलं असेल तर शेजारच्या बोटाला जोडून बांधतात, पण दोघांच्या मध्ये गॉजचा तुकडा पाहिजेच, नाहीतर घामाने कातडी सोलवटते.

बरगडीला मार लागला की छातीभोवती पट्टी आवळायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. दुखणं कमी वाटतं पण श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रक्तस्रावाला पट्टी बांधायची असेल तर क्रम वेगळा आहे. आधी स्वच्छ कापड किंवा गॉजची घडी जखमेवर ठेवून तळहाताने थेट दाबा, किमान दहा मिनिटं, मधे मधे उचलून बघायचं नाही कारण प्रत्येक वेळी जमत आलेली गुठळी उखडते. मग घडीवरून पट्टी, इथे ताण नेहमीपेक्षा जास्त, पण बोटांचा रंग बघत बघत. जखमेत काच किंवा सळई रुतलेली असेल तर ती ओढू नका आणि तिच्यावरून दाबूही नका, दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या रचून त्यावरून बांधा आणि न्या.

हाड मोडल्याची शंका असेल तर पट्टीचं काम फळी धरून ठेवणं एवढंच, मोडलेल्या जागेवर दाब देणं नाही. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे फळीत आले पाहिजेत, गाठी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली, त्याच्यावर नाही. प्लास्टरच्या पट्टीची पद्धत मथायसन या डच लष्करी सर्जनने 1851 मध्ये काढली आणि सुती पट्टीत कोरडं प्लास्टर भरून ती ओली करून गुंडाळायला सुरुवात झाली, आजचं प्लास्टर हे त्याचंच पुढचं रूप. ते घरी करायचं काम नाही.

सापाच्या बाबतीत फार गैरसमज आहेत म्हणून वेगळं लिहितो. 1970 च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात स्ट्रुआन सदरलँड यांनी पूर्ण हात किंवा पाय रुंद इलॅस्टिक पट्टीने गुंडाळून वर फळी बांधायची पद्धत दिली, ती तिथल्या नर्व्हवर परिणाम करणाऱ्या विषासाठी. घोणससारख्या जातींचं विष मांस सडवतं, तिथे दाबून कोंडल्याने नुकसान वाढू शकतं. कुठला साप ते आपल्याला कळत नसतं, म्हणून दंश झालेला भाग हलू न देणं आणि लवकरात लवकर हॉस्पिटल गाठणं हे कुठेही बरोबर, आणि दंशाच्या वर दोरी आवळून बांधणं हे कुठेही चूक.

खेळात पट्टीचा उपयोग लागल्यावर नाही तर आधी होतो. बॉक्सर ग्लोव्हजच्या आत साधारण साडेचार मीटर लांब पट्टी गुंडाळतात ती ठोसा मऊ करायला नव्हे, तर पंजाची बारीक हाडं आणि मनगट एकमेकांना घट्ट धरून राहावीत म्हणून. गुंडाळताना बोटं ताणून पसरायची, नाहीतर मूठ वळल्यावर पट्टी आवळते. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मनगटाची पट्टी 1 मीटर आणि गुडघ्याची 2 मीटरपर्यंतच चालते, कारण गुडघ्याची जाड पट्टी खाली बसताना ताणली जाते आणि उठताना ती ताकद परत देते, म्हणजे ती संरक्षणासोबत मदतही करते. जिममध्ये नव्याने आलेल्या पोरांनी ती पहिल्या दिवसापासून वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी गुडघ्याला वजन कळू द्या.

शरीराबाहेरही हीच रीत लागू पडते. वायरच्या जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळताना थोडी ताणून निम्म्यावर निम्मा वेढा द्यायचा. झाडाच्या कलमाला बांधलेली पट्टी वेळेत सोडायची, कारण खोड जाड होत जातं आणि पट्टी सालीत रुतते, अगदी सुजणाऱ्या पायासारखंच.

कुठल्या लोकांनी स्वतःच्या मनाने बांधू नये

ज्यांना जुना डायबिटीस आहे आणि पायाची संवेदना कमी झालीय त्यांना पट्टी घट्ट झालेली कळतच नाही, त्यांनी विचारल्याशिवाय बांधू नये. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं अशा लोकांच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात, त्यांना दाबाची पट्टी धोक्याची. व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायाच्या फुगलेल्या नसांच्या जखमेला दाबाच्या पट्टीने खरंच फायदा होतो, पण आधी पायातला रक्तपुरवठा मोजून मगच. आणि काही न लागता एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे पट्टी बांधण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पट्टीची निगा

कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा, दोरीवर लटकवली की स्वतःच्या वजनाने लांब होते. इस्त्री नको, ब्लीच नको. वाळल्यावर न ताणता पण घट्ट गुंडाळी करून ठेवा, कारण ऐन वेळी चुरगळलेली पट्टी सरळ करत बसायला कुणाला सवड नसते. खेचून सोडल्यावर ती पूर्वीच्या लांबीला परत येत नसेल, मध्येच लाटा पडल्या असतील किंवा कडेचे धागे निघाले असतील तर दाब द्यायच्या कामातून ती बाद, गॉज धरायला किंवा फळी बांधायला मात्र ती अजून चालते, तेव्हा धुऊन वेगळी ठेवा आणि दाबाच्या कामासाठी नवीन रोल आणून ठेवा.